फोनवरून गेलेला पाऊस

मालकांनी सगळ्या कामगारांना बायकापोरांसकट समुद्रावरच्या रिसॉर्टला तीन दिवस न्यायचं जाहीर केलं, त्याच दिवशी दुपारी दादाचा फोन आला. फोन आधी आला असता आणि मालकांनी नंतर सांगितलं असतं, तर मी वेगळा वागलो असतो का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलंय. वागलो नसतो, असंच उत्तर येतं.

मी तेव्हा केरळात होतो, अजूनही आहे. दूध थंड करायच्या टाक्या बसवणं आणि बिघडल्या की दुरुस्त करणं, हे आमचं काम. माझं शिक्षण सातवी. एका दुष्काळात आम्ही गुरं घेऊन चारा छावणीवर गेलो, परत आलो तेव्हा शाळेतली पोरं पुढच्या वर्गात बसलेली होती, आणि मी मागच्या वर्गात बसायला लाजलो. एवढंच कारण. पुढे गावच्या दूध सोसायटीत कामाला लागलो. तिथली टाकी सारखी बंद पडायची, ती दुरुस्त करायला येणाऱ्या मिस्त्रीचे पाने देता देता मला काम कळायला लागलं. सोसायटीच्या चेअरमननीच शब्द टाकून मला या मालकांकडे पाठवलं. मालक मल्याळी. त्यांनी मला राहायला खोली दिली, तोडकंमोडकं हिंदी बोलून काम शिकवलं, पोराला शाळेत घातलं तेव्हा स्वतः सोबत आले. त्यांच्यासमोर मला कधी नाही म्हणता येत नाही. आणि सातवी शिकलेल्या माणसाला असा मालक पुन्हा मिळत नाही, ही भीती माझ्या पोटात कायमची बसलेली आहे.

तर दादाचा फोन. त्या साली आमच्याकडे पुन्हा दुष्काळ होता. सोसायटीनेच गावाबाहेर छावणी चालवली होती. आमची सहा जनावरं तिथे, आणि जनावरांजवळ आई. वहिनी गावात टँकरची वाट बघत घर सांभाळायची, दादा दोन्हीकडे पळायचा. आईचा डावा डोळा लहानपणी तुरीच्या काडीनं गेलेला. उजव्यात मोतीबिंदू झाला होता आणि तो चांगलाच वाढला होता. बीडच्या दवाखान्यानं ऑपरेशनची तारीख दिली होती. बुधवार.

"चार दिवस ये," दादा म्हणाला. "छावणीत आपलं माणूस लागतंय. गुरं मोजायला कव्हाबी येतेत. जनावरापशी कुणी नसलं तर नाव कटतंय. तू गुरापशी बस, म्या आईला न्हेतो."

बुधवार म्हणजे रिसॉर्टचा दुसरा दिवस.

"दादा, सुट्टी न्हाई रे," मी म्हणालो. "लई काम निघालंय. मालक सोडनात."

मालक तिथेच दहा हातांवर उभे होते आणि एका पोराला रिसॉर्टच्या बसची वेळ सांगत होते.

"बरं," दादा म्हणाला. "बघतो म्या." दादा कधी चिडत नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. आईच्या शेजारच्या खोपीत नेकनूरकडचे एक म्हातारे होते, सगळी छावणी त्यांना आबा म्हणायची. ते दोन दिवस आमच्या गुरांकडे बघायला तयार झाले होते. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हणजे ऑपरेशन होणार, आणि मीही जाणार. दोन्ही जमलं. मी बाजारात जाऊन पोरांना पोहायच्या चड्ड्या घेतल्या.

रिसॉर्ट म्हणजे मला दोन-चार खोल्यांचं लॉज वाटलं होतं. ते एक गावच होतं. आमच्या गावाहून मोठं असेल. फाटकातून आत शिरल्यावर एक बाई आली, हसत हसत प्रत्येकाच्या मनगटावर निळा कापडी पट्टा आवळून गेली. हा पट्टा असला की सगळं फुकट. नाश्ता, जेवण, चहा, आइस्क्रीम, होडी, पोरांचे खेळ, काही विचारायचं नाही. मनगट दाखवायचं आणि घ्यायचं. तीन दिवस काढायचा नाही.

माझी बायको पाटोद्याकडची. ती मनगट फिरवून बघत म्हणाली, "आपल्याला बी बिल्ले मारले की ओ."

छावणीत जनावर दाखल करताना त्याच्या कानात पिवळा बिल्ला मारतात. बिल्ला असला की चारा-पाणी मिळतं. पोरं हसली, मीही हसलो. मग मी बाही खाली ओढून घेतली.

खोलीत गेल्यावर बायको न्हाणीघरात शिरली ती बाहेरच येईना. जाऊन बघतो तर पांढरा स्वच्छ टब काठोकाठ भरलेला, आणि ती टिकलीएवढ्या साबणांच्या शेजारी ठेवलेले काचेचे ग्लासही भरत होती.

"अगं, कावून?"

"नळ आलाय तव्हर भरून ठिवते. उद्या न्हाई आला तर?"

मला तिला सांगता आलं नाही की इथला नळ जात नाही. खरं तर माझाही विश्वास नव्हता. तिच्या माहेरी आणि आमच्याकडे, उन्हाळ्यात माणूस बाजेवर बसून अंघोळ करायचा, बाजेखाली घमेलं असायचं, त्यातलं पाणी मग गुरांच्या पुढ्यात किंवा भांड्याला जायचं. आम्ही त्या दिवशी अंघोळीला टबातलं पाणीही घेतलं नाही, म्हटलं राहू दे. दुसऱ्या दिवशी खोली झाडायला आलेल्या माणसानं बूच ओढलं. बायको दारात उभी राहून ते पाणी गोल फिरत जाताना बघत होती. तो माणूस बिचारा आम्हालाच "सॉरी" म्हणाला.

पण मी आधी पहिल्या संध्याकाळबद्दल सांगायला हवं. सगळं तिथेच घडलं.

दिवस कलायला आला होता. माणसं वाळूवर खुर्च्या टाकून बसली होती. पोरं पाण्यात होती, बायको पदर खोचून त्यांच्यावर ओरडत होती. वाळूतून वर येताना पाय धुवायला एक नळ होता. पायाला लागलेली वाळू धुवायला गोडं पाणी. तो कुणीतरी अर्धवट बंद केला होता. मी जाऊन घट्ट बंद केला. थोड्या वेळानं पुन्हा तसाच दिसला, पुन्हा गेलो. तिसऱ्या वेळी आमचा एक कामगार म्हणाला, "भाऊ, तुला इथं वॉचमन ठेवलंय काय?" मी हसून नळाजवळच उभा राहिलो आणि आईला फोन लावला. उद्या सकाळी किती वाजता निघणार, उपाशीपोटी जायचं का, हे विचारायला. खरं म्हणजे ऑपरेशन होतंय हे एकदा तिच्या तोंडून ऐकलं की रात्रीचं जेवण मला गोड लागलं असतं, म्हणून.

"आरं लेकरा, कसा हायीस? जेवलास का?"

"जेवलो. आई, उद्या किती वाजता—"

"थांब थांब," ती म्हणाली. "कशाचा आवाज येतोय रं? पाणी पडतंय का तिकडं?"

मी समुद्राकडे बघितलं. लाटा फुटत होत्या, एकीचा आवाज संपायच्या आत दुसरीचा. पत्र्यावर पाऊस ओतावा तसाच आवाज होता, खोटं कशाला बोलू. आई जन्मात समुद्राकाठी गेलेली नव्हती. तिनं आयुष्यात जो मोठ्या पाण्याचा आवाज ऐकला होता तो पावसाचाच.

समुद्र म्हटलं असतं तर समुद्रावर कशाला गेलास, हे आलं असतं. मी कामावर होतो ना. मला सुट्टी नव्हती.

"हो," मी म्हणालो. "पाऊस चालू हाय."

 आई फोन बाजूला न धरताच ओरडली, "आबा! ओ आबा! लागला बरं का पाऊस! मपला धाकला केरळात हाय न्हाई का, तितं पडतोय. फोनमधी आवाज येतोय, या, आयका!"

आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं की पाऊस खालून केरळातून वर येतो. तिथे लागला की दहा-बारा दिवसांत आपल्याकडे. छावणीत महिनोन् महिने आभाळाकडे बघणाऱ्या माणसांच्या हातात मी तो फोन दिला होता. आबांचा आवाज आला. "आवं, हा तर दनकाच हाय!" मग आणखी कुणीतरी, मग एक बाई. एकेक जण फोन कानाला लावत होता आणि मी हात लांब करून समुद्र ऐकवत होतो. फोन बंद करायला हवा होता. मी हात लांब केला.

आई परत बोलायला लागली तेव्हा तिचा सूर बदलला होता. "मंग आता उद्या कशाला जायचं रं दवाखान्यात? आठ-दहा दिवसात पाऊस हितं येतोय. गुरं घरला न्हेऊ, मंग निवांत डोळा करू. ह्या आबाच्या गळ्यात सा जनावरं टाकून जायचं मला लई जड झालतं. त्याला सवताचंच उठवत न्हाई."

"आई, तारीख मिळालीय तर जा की उद्याच."

"आरं, डोळा काय पळून चाललाय का?"

मालकांनी तेवढ्यात हाक मारली. सगळ्यांचा फोटो काढायचा होता. मी आईला म्हणालो, "बघ मंग तुला कसं जमंल तसं," आणि फोन ठेवला. त्या फोटोत मी दुसऱ्या रांगेत आहे. हसतोय.

रात्री जेवायला गेलो. लांबलचक टेबलांवर मासे, मटण, पुलाव, सतरा तऱ्हेचं गोडधोड. मी कधीही ताटात अन्न टाकलेलं नाही. पोरांनी हौसेनं घेऊन सोडलेलं मी खाल्लं, मग बायकोचं खाल्लं. पोटाला तडस लागली तरी खात होतो. मालक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "खा, खा, शरम नको." त्यांना वाटलं मी मजेत आहे.

बुधवारी सकाळी दादाचा फोन. मी पोरांबरोबर पोहायच्या तलावाशी होतो, झटक्यात उठून झाडांमागे गेलो.

"आई काय आयकंना बे. पाऊस आल्यावर जाते म्हणती. आख्खी छावणी खूश हाय. चहा केलता सगळ्यांनी काल. तुझंच नाव चाललंय."

"दादा…"

"काय?"

मी तोंड उघडलं होतं. सांगायला चार शब्द लागले असते. तलावात पोरगी ओरडत होती, "पप्पा, बघा, पप्पा, बघा."

"कोण वरडतंय?" दादानं विचारलं.

"शेजारची पोरं," मी म्हणालो.

"बरं. काम कर तू. लई दिवसांनी एक गोड बातमी आली, तुझ्याकून आली." आणि त्यानं फोन ठेवला.

मी जाऊन पोरीला बघितलं. तिला पाण्यावर तरंगायला येत होतं. पाण्यावर तरंगणारी आमच्या घराण्यातली ती पहिलीच असेल.

गुरुवारी दुपारी पुन्हा दादा. या वेळी तो धावत बोलत होता. आईचा डोळा पहाटेपासून लालभडक झाला होता, डोकं फुटायला आलं होतं, दोनदा उलटी झाली होती. सोसायटीचा दुधाचा टेम्पो तिला बीडला घेऊन निघाला होता, दादा मागे कॅनांच्या जागेत बसला होता. गुरांकडे आबा. म्हणजे आबांकडे गुरं टाकावीच लागली, आणि एक दिवस उशिरा.

मी मालकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तारखेचं, दादाच्या पहिल्या फोनचं. पावसाचं तेवढं सांगितलं नाही. ते खुर्चीतून उठले. त्यांच्या हिंदीत म्हणाले ते असं, की अरे, ही काय ड्यूटी होती? मला एका शब्दानं विचारलं असतंस तर मी तुला आठ दिवस आधी गाडीत बसवून दिलं असतं. माझी आई असती तर मी आलो असतो का इथे?

ते रागावले नव्हते. त्यांनीच तिकीट काढलं, स्टेशनापर्यंत गाडी दिली. बायको-पोरांना मालकांच्या घरच्यांनी सांभाळून परत नेलं. मी ज्या माणसाला घाबरून खोटं बोललो, तो माणूस घाबरण्यासारखा नव्हताच. माझं खोटं त्यामुळे आणखी फुकटचं ठरलं.

दीड दिवस रेल्वे, मग सोलापुरातून एसटी. बीडला पोचलो तेव्हा चार वाजले होते. डोळ्यातला दाब आधी औषधानं उतरवून त्याच सकाळी ऑपरेशन केलं होतं. आई खाटेवर बसलेली, डोळ्याला पट्टी, दुसरा डोळा तर नावालाच. मी पाया पडलो. तिनं चाचपडत माझं मनगट धरलं आणि तिची बोटं थांबली. पट्टा. घाईत कापायचा राहिला होता.

"हे काय बांधलंय?"

"कंपनीचं हाय. कामावर घालतेत."

तिनं बोटांनी पट्टा गोल फिरवून बघितला. "लई मऊ हाय," ती म्हणाली. "पाऊस हाय का आजून तिकडं?"

"हाय."

दादा उशाशी उभा होता. तो बाहेर येऊन मला म्हणाला, "डाक्टर म्हणले, मोतीबिंदू पार पिकून फुटाया आलता. एक दिवस आधी जरी आणलं असतं तर बरं झालं असतं. आता किती दिसंल सांगता येत न्हाई." त्यानं ते जसंच्या तसं सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्याला काही माहीत नव्हतं. मी व्हरांड्यात जाऊन दातांनी तो पट्टा तोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. आईनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "दिसतूस," ती म्हणाली. "चुलीपुढं धूर झाल्यावानी दिसतंय. पर दिसतूस." नर्स म्हणाली, सुधारेल हळूहळू. फार सुधारलं नाही, ते इथेच सांगून टाकतो.

दादा तिच्याजवळ थांबला आणि मी छावणीवर गेलो. जे चार दिवस दादानं मागितले होते ते मी आता द्यायला निघालो होतो. आमची गुरं मला ओळखीनात. मी पेंढी सोडत होतो तोवर आजूबाजूच्या खोपींतून माणसं जमली.

"काय बे, आलास व्हय पाऊस घिऊन?"

"ह्येचा पाऊस पायी निघालाय का? कुठवर आलाय म्हणं?"

"सोलापुरात चहा पीत बसला आसंल."

सगळे हसले. आबा काठी टेकत पुढे आले. त्यांनी चेष्टा केली नाही. म्हणाले, "लेका, खरं सांग. म्या माझी कालवड इकायला काढलती. तुझा पाऊस कानानं आयकला आन ठिवून घितली. चार-सा दिवस झाले, रेडिओवाला म्हणतोय आजून केरळातबी न्हाई."

आबांकडे बघून मला पुढचं खोटं सुचलं नाही. मी म्हणालो, "आबा, तो पाऊस नव्हता. समुद्र व्हता. म्या रिसॉर्टला गेलतो. आईला कामावर हाय म्हणून सांगितलं व्हतं."

रिसॉर्ट म्हणजे काय, ते मला सगळ्यांना समजावून सांगावं लागलं. पट्टा, जेवण, पोहायचा तलाव. मध्येच कुणीतरी म्हणालं, "मंजे छावणीच की माणसांची!" आणि पुन्हा हशा पिकला. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. आबा तेवढे हसले नाहीत. ते आपल्या कालवडीकडे गेले. कालवड त्यांनी विकली नाही, तेवढं एक बरं झालं. पण तिला जगवायला त्यांना आपल्या बैलाच्या वाट्याचा चारा तोडावा लागला, ते मी चार दिवस रोज बघितलं.

चौथ्या दिवशी दादा आईला घेऊन आला. तिला पुढच्या तपासणीपर्यंत गावात ठेवायचं ठरलं होतं, पण गुरं बघितल्याशिवाय जाईना. ती खोपीशी पोचते न पोचते तोच आबा आपल्या जागेवरून ओरडले, "आगं ए, तुझ्या लेकाचा पाऊस खारट निघाला बरं का!"

मग सांगावंच लागलं. मी गव्हाणीशी उभा राहून सगळं सांगितलं, पहिल्या फोनपासून. दादा ऐकून घेत होता. एकदाच म्हणाला, "म्या तर तुला काय म्हणलो बी नसतो." मग तो गाईला पाणी दाखवायला निघून गेला, आणि त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही.

आई काळ्या चष्म्याआडून माझ्या दिशेला बघत होती. "जेवायला काय काय व्हतं?" तिनं विचारलं.

मी गव्हाणीतला चारा सारखा करायला लागलो.

"सांग की. पोरांनी काय खाल्लं?"

मग मी एकेक सांगत गेलो. मासे, पुलाव, फळं, आइस्क्रीम. ती प्रत्येकाला "आन?" म्हणत होती. पोरगी पाण्यावर तरंगली, तेही सांगितलं. टबाचं सांगितलं नाही. पाय धुवायच्या नळाचंही नाही.

सगळं संपल्यावर ती म्हणाली, "समिंदर हाय म्हणला असतास, तरी म्या तेवढ्याच हौसेनं आयकला असता की रं. जन्मात एकदा कानावर आला, आन म्या त्येला पाऊस समजून बसले."

तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. पाऊस त्या साली महिनाभर उशिरा आला.

आता आईला उजव्या डोळ्यानं माणसाचा आकार दिसतो, चेहरा नाही. मी बोललो की ओळखते. मी आठवड्यातून दोनदा फोन करतो. जेवलास का, पोरं कशी हायेत, हे झालं की ती थोडी थांबते आणि विचारते, "ह्यो कशाचा आवाज?" मी सांगतो. पंखा आहे. टाकीचं मशीन चालू झालंय. शेजारी कुणीतरी भांडी घासतंय. रस्त्यानं गाडी गेली. जे असेल ते सांगतो. मालकांचं माणूस समोर असलं तरी सांगतो.

सांगून झालं की ती लगेच बरं म्हणत नाही. फोन कानाला तसाच धरून थोडा वेळ स्वतः ऐकते, आणि मी बोलत नाही.